युरोपला दोनदा 'नाही': नॉर्वेतले पक्ष कसे फुटले, कसे सावरले

२००१ साली नॉर्वेत तीन पक्षांनी मिळून सरकार बनवलं. आघाडीचं सरकार म्हटलं की करार आलाच, तसा तो इथेही झाला. त्यातली एक अट मात्र जगावेगळी होती. युरोपीय संघाचं सदस्यत्व मागायचा विषय पुढे आला, तर सरकार तिथेच संपलं असं समजायचं. चार वर्षांनी हे सरकार निवडणूक हरलं आणि विरोधी बाजूचे तीन पक्ष सत्तेवर आले. धोरणं बदलली, माणसं बदलली, ही अट तशीच राहिली. नॉर्वेत तिला 'आत्महत्येचं कलम' म्हणतात.

एवढं कशाला घाबरायचं? उत्तर दोन मतदानांत आहे. युरोपात जायचं की नाही, यावर नॉर्वेच्या जनतेनं सप्टेंबर १९७२ मध्ये आणि पुन्हा नोव्हेंबर १९९४ मध्ये कौल दिला. दोन्ही वेळा निकाल 'नाही' असाच लागला. नॉर्वे बाहेर राहिला, हे सगळ्यांना माहीत असतं. त्या मतदानांनी तिथल्या पक्षांचं काय केलं, हे फारसं कुणी सांगत नाही, आणि मला तोच भाग शिकण्यासारखा वाटतो. देश आत की बाहेर, एवढं सार्वमतानं ठरलं. भांडण मात्र मिटलं नाही. ते प्रत्येक पक्षाच्या बैठकीत जाऊन बसलं आणि पन्नास वर्षं उलटली तरी तिथून हललेलं नाही.

पक्ष एका रेघेवर, प्रश्न दुसऱ्या

पक्ष कशावरून बनतात, ते आधी पाहू. आपण सहसा डावे आणि उजवे एवढीच विभागणी धरतो. कर जास्त की कमी, सरकारचा हात मोठा की बाजाराचा, कामगार की मालक. उत्तर नॉर्वेतल्या लोफोटेन बेटांवर जन्मलेले आणि पुढे बर्गनमध्ये शिकवणारे समाजशास्त्रज्ञ स्टाइन रोक्कान यांनी दाखवून दिलं की, नॉर्वेत याखेरीज आणखी काही जुन्या रेघा आहेत. राजधानी ऑस्लो आणि दूरचा किनारा ही त्यातली सर्वांत खोल. तिच्या जोडीला शेती आणि शहर, ऑस्लोची लेखी भाषा आणि खेड्यांच्या बोलींतून घडवलेली न्यूनोर्स्क, पश्चिम किनाऱ्यावरची कडक धार्मिकता आणि दारूबंदीची चळवळ. माणूस मत देताना या सगळ्या रेघांवर एकाच वेळी उभा असतो.

एरवी ते जाणवत नाही. उत्तरेच्या फिनमार्कमधला मच्छीमार आणि ऑस्लोच्या कारखान्यातला कामगार, दोघंही बिनदिक्कत मजूर पक्षाला मत द्यायचे. पेन्शन, घरं, शाळा, दवाखाने यांवर दोघांचं एकमत होतं. युरोपचा प्रश्न आला आणि दोघं समोरासमोर उभे राहिले. कारखान्यातल्या कामगाराला युरोपची बाजारपेठ हवी होती. मच्छीमाराला मात्र दिसत होतं की, युरोपीय समुदायाच्या, म्हणजे आजच्या युरोपीय संघाच्या आधीच्या रूपाच्या, सहा देशांनी १९७० मध्ये, नॉर्वे, ब्रिटन, डेन्मार्क आणि आयर्लंड यांच्याशी वाटाघाटी सुरू व्हायच्या तोंडावर, मासेमारीचं सामायिक धोरण ठरवून टाकलं आहे आणि त्याचं तत्त्व आहे की, सदस्यांच्या पाण्यात सगळ्या सदस्यांना सारखा शिरकाव. ज्याच्या घरासमोरचा समुद्र हीच त्याची शेती, त्याला हे कसं मान्य व्हावं? शेतकऱ्याचीही तीच गत. नॉर्वेच्या एकूण जमिनीपैकी जेमतेम तीन टक्के लागवडीखाली आहे, हंगाम आखूड, थंडी भयंकर. सरकारचा टेकू आणि आयातीवरचा अडसर काढला, तर फ्रान्सच्या शेतमालापुढे तिथलं दूध आणि धान्य टिकण्यासारखं नाही.

म्हणून होयरे हा उजवा कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष, ऑस्लोच्या व्यापारीवर्गाचा, जवळजवळ एकमुखानं 'हो' म्हणाला. शेतकऱ्यांचा जुना पक्ष, ज्यानं पुढे सेंटर पक्ष असं नाव घेतलं, तो एकमुखानं 'नाही' म्हणाला. या दोघांना काही त्रास झाला नाही. त्रास झाला तो ज्यांच्या पोटातून ही रेघ गेली त्यांना: मजूर पक्षाला आणि उदारमतवादी व्हेन्स्त्र पक्षाला.

१९७२: राजीनामा पणाला लावला आणि पक्ष हरला

पहिली विकेट सार्वमताच्या आधीच पडली. १९६५ पासून चार बिगरसमाजवादी पक्षांची आघाडी सत्तेत होती आणि पंतप्रधान होते सेंटर पक्षाचे पेर बोर्टेन. आघाडीत होयरेला युरोप हवा, सेंटरला नको. फेब्रुवारी १९७१ मध्ये बोर्टेन यांनी विमानप्रवासात एक गोपनीय राजनैतिक अहवाल सदस्यत्वविरोधी चळवळीच्या नेत्याला दाखवला. त्यातला मजकूर वर्तमानपत्रात आला. बोर्टेन यांनी आधी हात झटकले, मग कबूल केलं, आणि मार्चमध्ये सरकार गेलं. वरवर पाहिलं तर ही एका माणसाची चूक. पण एकाच मंत्रिमंडळात बसून दोन विरुद्ध दिशांना देश नेऊ पाहणाऱ्या लोकांचं आणखी दुसरं काय व्हायचं होतं?

मग मजूर पक्षाचे त्रिग्वे ब्रात्तेली पंतप्रधान झाले. या माणसाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्या एका निर्णयावर फिरतं. तरुणपणी व्हेल पकडणाऱ्या जहाजावर आणि बांधकामावर राबलेला हा कामगार दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या छळछावण्यांत कैदी होता आणि तिथून जिवंत परतला. युरोपच्या देशांनी एकत्र बांधलं जाणं म्हणजे पुन्हा युद्ध न होणं, ही त्यांची मनापासूनची श्रद्धा होती. त्यांनी वाटाघाटी पूर्ण केल्या आणि जानेवारी १९७२ मध्ये करारावर सही केली. मासेमारीबद्दल जे मिळालं ते पुरेसं नाही म्हणून त्यांचे मत्स्यव्यवसायमंत्री क्नुट होएम, जे स्वतः मच्छीमारांच्या विक्री संघटनेतून आले होते, राजीनामा देऊन बाहेर पडले. उत्तर किनाऱ्यानं त्यातून काय ते समजून घेतलं.

पक्षाच्या अधिवेशनात मोठ्या बहुमतानं 'हो' ठरलं, पण पक्षाची युवक संघटना विरोधात होती आणि कामगार चळवळीतल्या विरोधकांनी आपली स्वतंत्र समिती उभी केली होती. हे पाहून ब्रात्तेली यांनी जाहीर केलं की, जनतेनं 'नाही' म्हटलं तर सरकार राजीनामा देईल.

हा डाव चुकला, असं माझं स्पष्ट मत आहे. हेतू उघड होता. युरोपवर कुरकुरणारा मजूर पक्षाचा मतदार निदान आपलं सरकार वाचवायला तरी 'हो' म्हणेल. पण त्यामुळे त्या मतदारापुढे दोनच रस्ते उरले, पक्ष की गाव. एरवी तो 'या एका बाबतीत माझं पटत नाही' असं म्हणून पुन्हा पक्षात राहू शकला असता. आता ती सोय राहिली नाही. २४ आणि २५ सप्टेंबरला मतदान झालं. ५३.५ टक्के लोकांनी नकार दिला. ब्रात्तेली यांनी शब्द पाळला आणि पायउतार झाले. ख्रिश्चन लोकपक्षाचे लार्स कोर्व्हाल यांनी नकाराच्या बाजूच्या छोट्या पक्षांचं अल्पमतातलं सरकार बनवलं. संसदेत तेव्हा 'हो' म्हणणाऱ्यांचं मोठं बहुमत होतं. म्हणजे संसद एका बाजूला, जनता दुसऱ्या बाजूला, आणि सरकार तिसऱ्याच मूठभर लोकांचं.

याच सुमारास शेजारच्या डेन्मार्कमध्ये २ ऑक्टोबरला सार्वमत झालं आणि ६३ टक्क्यांहून अधिक लोकांनी 'हो' म्हटलं. दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान येन्स ओटो क्राग यांनी राजीनामा दिला. हरलेला गेला आणि जिंकलेलाही गेला.

नॉर्वेतली खरी पडझड नंतर झाली. नोव्हेंबरमध्ये रोरस या जुन्या खाणगावात व्हेन्स्त्र पक्षाचं अधिवेशन भरलं. हा देशातला सर्वांत जुना पक्ष, १८८४ चा, संसदीय लोकशाही आणणारा. त्यात ऑस्लोचे शिकलेले उदारमतवादीही होते आणि पश्चिमेकडचे न्यूनोर्स्कवालेही. इतकी वर्षं दोघं एका छताखाली नांदले. रोरसमध्ये घर फुटलं. संसदेतल्या १३ सदस्यांपैकी ८ जण, सगळे युरोपवादी, बाहेर पडले आणि त्यांनी नवा पक्ष काढला. पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत जुन्या पक्षाला २ जागा मिळाल्या, नव्याला १. तेराचे तीन झाले. दोघांना पुन्हा एकत्र यायला १९८८ उजाडावं लागलं.

मजूर पक्ष १९६९ मध्ये ४६.५ टक्क्यांवर होता, १९७३ मध्ये तो ३५.३ टक्क्यांवर आला. सार्वमतात विरोधी समिती चालवणारे कार्यकर्ते डाव्या पक्षांच्या नव्या आघाडीत गेले आणि त्या आघाडीनं ११.२ टक्के मतं आणि १६ जागा घेतल्या. तीच पुढे १९७५ मध्ये समाजवादी डावा पक्ष झाली आणि आजही आहे. त्याच निवडणुकीत आणखी एक पक्ष पहिल्यांदा संसदेत आला. आंडर्स लांगे या माणसानं एप्रिल १९७३ मध्ये ऑस्लोच्या एका सिनेमागृहातल्या सभेत स्थापलेला, कर कमी करा म्हणणारा. त्याचा युरोपशी थेट संबंध नव्हता. पण लोकांची जुन्या पक्षांशी जोडलेली नाळ एकदा तुटली की, ती मतं कुठेही जायला मोकळी असतात, आणि लांगे यांना ५ टक्के मिळाले. आजचा प्रगती पक्ष तो हाच.

यातली गोम मला अशी दिसते. माणूस पिढ्यान्‌पिढ्या एका पक्षाला मत देतो तेव्हा त्यात विचार कमी आणि सवय जास्त असते. सार्वमत ती सवय मोडतं. पक्षाच्या नेत्यानं 'हो' म्हणा असं सांगूनही त्यानं 'नाही' म्हटलं, आणि आभाळ कोसळलं नाही. उलट तो जिंकला. पुढच्या निवडणुकीत पक्षाला सोडणं त्याला पहिल्याइतकं जड जात नाही.

ब्रात्तेली मात्र वर्षभरात पुन्हा पंतप्रधान झाले, दुबळ्या झालेल्या पक्षाच्या बळावर का होईना. इथे आपल्याकडची एक घटना आठवल्याशिवाय राहत नाही, कारण मराठी माणसानं या जातीचं मतदान एकदा जवळून पाहिलं आहे. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला: महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा (मगोप) जन्मच विलीनीकरणासाठी झालेला. कौल निष्पक्ष व्हावा म्हणून दयानंद बांदोडकर यांचं सरकार आधीच पायउतार झालं होतं. विलीनीकरण ३४ हजारांवर मतांनी फेटाळलं गेलं. पक्ष संपला, असंच कुणालाही वाटलं असतं. पण मार्चमधल्या निवडणुकीत त्याच मतदारांनी बांदोडकरांना पुन्हा मुख्यमंत्री केलं आणि मगोपची सत्ता १९७९ पर्यंत टिकली. गोव्याच्या मतदारानं प्रश्न वेगळा आणि पक्ष वेगळा ठेवला. बहुजन समाजाची शाळा, कुळाची जमीन या कारणांनी मगोपशी त्याचं जे नातं होतं, ते विलीनीकरणाच्या निकालानं तुटलं नाही. नॉर्वेत मजूर पक्षानं राजीनाम्याची अट घालून ही मोकळीकच काढून घेतली होती.

१९९४: पक्षानं बंडखोरांना खुर्ची दिली

यानंतर जवळजवळ वीस वर्षं मजूर पक्षात युरोप हा शब्द कुणी काढेना. नेत्यांना जखमेची धास्ती होती. दरम्यान ग्रो हार्लेम ब्रुन्टलान पक्षाच्या सर्वेसर्वा झाल्या. त्यांनी १९७२ ची वाताहत जवळून पाहिली होती.

प्रश्न टाळला म्हणून गप्प बसला नाही. १९८९ मध्ये होयरेच्या यान पी. सीसे यांनी सेंटर आणि ख्रिश्चन लोकपक्षाला घेऊन सरकार बनवलं. युरोपशी व्यापक करार करायचा, तर परदेशी लोकांना नॉर्वेतली मालमत्ता आणि कंपन्या घ्यायला घातलेले निर्बंध सैल करावे लागणार होते. सेंटर पक्षाला ते मान्य नव्हतं. ऑक्टोबर १९९० मध्ये काडीमोड झाला आणि ब्रुन्टलान पुन्हा पंतप्रधान झाल्या. युरोपवरून पडलेलं हे दुसरं आघाडी सरकार.

ब्रुन्टलान यांनी आधी मधला रस्ता काढला. युरोपीय आर्थिक क्षेत्र नावाच्या करारानं नॉर्वेला युरोपची एकसंध बाजारपेठ मिळणार होती, शेती आणि मासेमारी बाजूला ठेवून. ऑक्टोबर १९९२ मध्ये संसदेनं तो १३० विरुद्ध ३५ मतांनी मंजूर केला. पुढच्याच महिन्यात त्यांनी पूर्ण सदस्यत्वाचाही अर्ज केला.

आता गणित बघा, कारण पक्षांची चाल त्यावरच ठरली. नॉर्वेत सार्वमत हा सल्ला असतो, बंधनकारक नसतो. राज्यघटनेप्रमाणे सार्वभौम अधिकारांचा असा भाग बाहेरच्या संस्थेकडे सोपवायचा, तर संसदेत तीन चतुर्थांश बहुमत लागतं. १६५ सदस्य असतील, तर ४२ जणांनी 'नाही' म्हटलं की विषय संपला. म्हणून सप्टेंबर १९९३ ची सार्वत्रिक निवडणूक हीच खरी पहिली फेरी ठरली. सेंटर पक्षाच्या नेत्या आन्ने एंगर लानस्टाइन यांनी सगळा प्रचार युरोपवर केला. चार वर्षांपूर्वी ६.५ टक्के मतं आणि ११ जागा असलेला त्यांचा पक्ष १६.७ टक्क्यांवर आणि ३२ जागांवर गेला. होयरेला सेंटर पक्षाहून किंचित जास्त मतं होती, पण ग्रामीण मतदारसंघांना जागा जास्त असल्यानं त्यांच्या वाट्याला २८ च आल्या. सेंटरच्या ३२ आणि समाजवादी डाव्यांच्या १३ मिळून ४५ होतात. अडवायला लागत होते ४२. अगदी निसटता 'हो' आला, तर आपण संसदेत त्याला बांधील नाही, असं सेंटर पक्ष उघड सांगू लागला.

ब्रसेल्समध्ये वाटाघाटींना बसलेले मत्स्यव्यवसायमंत्री यान हेन्री ओल्सन, उत्तरेतल्या ट्रॉम्सोचे, म्हणाले की, आपल्याकडे द्यायला एकही मासा नाही. तिथपासून त्यांचं नावच 'नो फिश ओल्सन' पडलं. शेवटी काही मासे द्यावे लागले आणि ओल्सन यांनी करार मान्यही केला, पण किनाऱ्यावर लोकांच्या लक्षात राहिलं ते पहिलं वाक्य.

ब्रुन्टलान यांचा शहाणपणा पक्षाच्या आत दिसला. त्यांनी सरकार पणाला लावलं नाही. पक्षाच्या अधिवेशनानं 'हो' ठरवलं, पण विरोधकांना 'युरोपीय संघाविरुद्ध सोशल डेमोक्रॅट' या नावानं संघटना चालवायची मुभा राहिली. माजी मंत्री हाल्व्हार्ड बाक्के तिचे नेते होते. ही माणसं दिवसभर पंतप्रधानांच्या विरोधात प्रचार करत आणि संध्याकाळी त्याच पक्षाच्या बैठकीला येत. पक्षादेश नाही, हकालपट्टी नाही. कामगार संघटनांच्या महासंघानं तर ऐन प्रचारात अगदी थोड्या मतांच्या फरकानं 'नाही' असा ठराव केला. तरीही पक्षानं त्यांच्याशी नातं तोडलं नाही.

मतदानाच्या तारखासुद्धा विचारपूर्वक लावलेल्या होत्या. आधी ऑस्ट्रिया जूनमध्ये, मग फिनलंड, मग १३ नोव्हेंबरला स्वीडन, आणि शेवटी २८ नोव्हेंबरला नॉर्वे. सगळ्यांत अनुकूल देश आधी, म्हणजे शेजारी आत गेलेले पाहून नॉर्वेही जाईल, असा हिशेब. तिघांनीही 'हो' म्हटलं. नॉर्वेत जवळजवळ ८९ टक्के लोक मतदानाला बाहेर पडले आणि ५२.२ टक्के 'नाही' म्हणाले. ऑस्लोत दर तिघांत दोघं युरोपच्या बाजूनं होते, फिनमार्कमध्ये दर चौघांत तिघं विरोधात. बावीस वर्षांत तेलाच्या पैशानं देश श्रीमंत झाला, गावं रिकामी झाली, शिक्षण वाढलं, आणि नकाशा मात्र जवळजवळ तोच.

दुसऱ्या दिवशी ब्रुन्टलान पंतप्रधानच होत्या. ऑक्टोबर १९९६ मध्ये त्या स्वेच्छेनं पायउतार होईपर्यंत राहिल्या. मजूर पक्ष फुटला नाही. एकच प्रश्न, जवळजवळ तेच आकडे, तोच पक्ष. एकदा तुकडे झाले आणि एकदा झाले नाहीत. फरक पडला तो पक्षाच्या ठरावात हरलेल्यांना घरात जागा ठेवली होती म्हणून.

जिंकणाऱ्याचं काय झालं, तेही पाहा. 'नाही'ची राणी म्हणून गाजलेल्या लानस्टाइन यांचा सेंटर पक्ष १९९७ मध्ये ७.९ टक्क्यांवर आला, ३२ जागांच्या पुन्हा ११ झाल्या. विरोधासाठी आलेली मतं विषय संपताच परत गेली. एका प्रश्नावर वाढलेल्या पक्षाला तो प्रश्न जिंकणं परवडत नाही.

ब्रिटनमध्ये याच्या उलटं घडलेलं दिसतं. १९७५ मध्ये तिथल्या मजूर पक्षाचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी आपल्या मंत्र्यांना दोन्ही बाजूंनी प्रचाराची मुभा दिली, ६७ टक्क्यांनी 'राहू' म्हटलं, तरी सहा वर्षांत त्या पक्षातून चार बडे नेते बाहेर पडले, आणि युरोप हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. २०१६ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांना पक्षातली कुरबुर कायमची मिटवायची होती. ५२ टक्क्यांनी 'बाहेर' म्हटलं, ते गेले, मग थेरेसा मे गेल्या, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन यांनी आपल्याच २१ खासदारांना पक्षाच्या संसदीय गटातून काढलं. त्यात दोन माजी अर्थमंत्री होते. डिसेंबरमध्ये त्यांना प्रचंड बहुमत मिळालं खरं, पण तोपर्यंत कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षातला युरोपवादी गट, जो एकेकाळी पक्षाचा कणा होता, जवळजवळ उरला नव्हता. पक्ष वाचला असं म्हणायचं, तर तो पूर्वीचा पक्ष होता का, हाही प्रश्न आहेच.

गप्प राहण्याची किंमत

नॉर्वेच्या पक्षांनी १९९४ नंतर मुकाट्यानं एक तडजोड केली. युरोपवादी पक्षांनी सदस्यत्वाचा विषय काढायचा नाही, आणि विरोधकांनी आर्थिक क्षेत्राच्या कराराला हात लावायचा नाही. 'आत्महत्येचं कलम' हे या तडजोडीचं लेखी रूप. त्यामुळे २००५ मध्ये मजूर पक्षाचे येन्स स्टोल्टेनबर्ग, सदस्यत्वाचे पक्के समर्थक, हे सेंटर आणि समाजवादी डाव्या पक्षांना घेऊन आठ वर्षं सरकार चालवू शकले. पक्षांच्या दृष्टीनं व्यवस्था उत्तम.

नागरिकांच्या दृष्टीनं ती तशी आहे का, याबद्दल मला शंका आहे, आणि ती सांगायलाच हवी. करारामुळे युरोपीय संघाच्या बाजारपेठेचे हजारो कायदे नॉर्वेत लागू होतात. ते ठरवताना नॉर्वेला मत नसतं. देश बाहेर, पण नियम आतले. नकार देण्याचा हक्क कागदावर आहे. २०११ मध्ये मजूर पक्षाच्या अधिवेशनानं नेतृत्वाच्या मनाविरुद्ध टपालसेवेच्या एका निर्देशाबाबत, म्हणजे संघाच्या एका कायद्याबाबत, तो हक्क वापरायला लावला, पण २०१३ मध्ये सत्तेवर आलेल्या एर्ना सोल्बर्ग यांच्या सरकारनं तो नकार मागे घेतला. म्हणजे देशातल्या सर्वांत मोठ्या प्रश्नावर निवडणुकीत कुणी बोलत नाही, आणि त्याच प्रश्नाचे छोटे तुकडे कायद्यांच्या रूपानं रोज दारात येतात.

असेच तीन तुकडे जानेवारी २०२५ मध्ये आले. युरोपीय संघाच्या ऊर्जा कायद्यांच्या चौथ्या संचातले तीन निर्देश: अक्षय ऊर्जा, ऊर्जाबचत आणि इमारतींचा ऊर्जावापर. विषय रुक्ष वाटतो. पण २०२१ मध्ये नॉर्वेला जर्मनीशी आणि ब्रिटनशी जोडणाऱ्या समुद्राखालच्या वीजवाहिन्या सुरू झाल्या आणि त्यानंतर दक्षिण नॉर्वेतलं विजेचं बिल भडकलं होतं. धरणांची स्वस्त वीज हा ज्या देशात घराघरातला हक्क समजला जातो, तिथे ब्रसेल्सचा वीजकायदा म्हणजे ठिणगीच. मजूर पक्षाचे पंतप्रधान योनास गार स्टोरे यांनी निर्देश स्वीकारायचं ठरवलं. अर्थमंत्री त्रिग्वे स्लाग्सवोल्ड वेडुम यांच्या नेतृत्वाखालचा सेंटर पक्ष ३० जानेवारीला सरकारातून बाहेर पडला. स्टोरे यांनी स्टोल्टेनबर्ग यांना अर्थमंत्री म्हणून परत आणलं आणि एकट्या पक्षाचं सरकार चालू ठेवलं.

यावेळी नकाराचा फायदा झाला नाही. २०२१ मध्ये १३.५ टक्के मतं मिळवणारा सेंटर पक्ष ८ सप्टेंबर २०२५ च्या निवडणुकीत सहा टक्क्यांच्याही खाली गेला. लोकांचा राग प्रगती पक्षाकडे वळला आणि तो दुसऱ्या क्रमांकावर आला. स्टोरे सत्तेत राहिले.

तरी ते सुटले नाहीत. ऊर्जेचे निर्देश असोत की बाजारपेठेचा दुसरा कुठला नियम, युरोपच्या कामासाठी मजूर पक्षाला होयरेची मतं मिळतात. अर्थसंकल्पासाठी मात्र डाव्या बाजूचे पाच पक्ष एकत्र यावे लागतात. त्या पाचांच्या मिळून ८८ जागा आहेत, त्यात सेंटर पक्षाच्या ९. संसद १६९ जणांची, बहुमताला ८५ लागतात. सेंटर पक्ष वजा केला, तर ७९ उरतात.